काळा आठवडा आणि रबराची रिंग

जानेवारी सरत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. नासाच्या अपोलो १ यानाची आग २७ जानेवारी १९६७ची. चॅलेंजर हे अंतराळयान हवेत तुटलं ते २८ जानेवारी १९८६ला. कल्पना चावला ज्यात होती ते कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ला. तिन्ही तारखा सहा दिवसांत बसतात, म्हणून हा ‘अंतराळाचा काळा आठवडा’. ग्रुप नाशिकचा असला की ‘नासानेही मुहूर्त बघायला हवा होता’ असं कुणीतरी लिहितंच, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते. ज्या जिल्ह्यात ओझरला सुखोई विमानं जुळवली जातात, तिथे हे वाचून कपाळाला हात लावावासा वाटतो.

आधी हिशेब. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी कुठल्याही दिवशी अपघात होण्याची शक्यता सारखीच धरू. तीन अपघात एखाद्या ठरावीक आठवड्यात पडण्याचे प्रकार ७×७×७, म्हणजे ३४३. त्यांतले २१६ प्रकार असे, की आठवड्याचा पहिला दिवस रिकामाच राहतो. ते पुढच्या आठवड्यांत मोजले जातातच, म्हणून वजा. उरले १२७. आरंभाचे दिवस ३६५ आणि एकूण प्रकार ३६५×३६५×३६५. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १,०५०त एक. दुर्मीळ आहे, नाही म्हणत नाही. पण यादी फक्त अमेरिकेचीच का? सोव्हिएत यान सोयुझ १ एप्रिल १९६७मध्ये आदळलं, सोयुझ ११मधले तिघे जून १९७१च्या अखेरीस परतताना केबिनमधली हवा निसटून गेले. हे दोन धरले की पाचांतून तीन निवडण्याचे १० प्रकार होतात आणि शक्यता साधारण १०५त एकावर येते. याच ‘काळ्या’ आठवड्यात, ३१ जानेवारीला, अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर १ उडाला (१९५८), हॅम नावाचा चिंपांझी अंतराळात जाऊन सुखरूप परतला (१९६१) आणि अपोलो १४ चंद्राकडे निघालं (१९७१). त्यांचा मेसेज कुणी फिरवत नाही.

अपोलो १ जळलं ते जमिनीवरच्या चाचणीत. केबिनमध्ये बाहेरच्या हवेहून जास्त दाबाने शुद्ध ऑक्सिजन भरला होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. कोलंबियाच्या डाव्या पंखावर उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा आदळला होता. या दोन्ही कारणांना महिन्याशी देणंघेणं नाही.

चॅलेंजरचं मात्र आहे, आणि तिथे खरी गंमत रबराची आहे.

यानाच्या बाजूचे दोन बूस्टर, म्हणजे उड्डाणाला जोर देणारी रॉकेटं, अखंड नसायचे, तुकडे एकावर एक बसवून उभे करायचे. प्रत्येक जोडात रबराच्या दोन रिंगा, साधारण ७ मिलिमीटर जाडीच्या, पण घेर इतका मोठा की व्यास साडेतीन मीटरहून जास्त. काम आपल्या कुकरच्या रिंगेचंच: आतला वायू बाहेर जाऊ द्यायचा नाही. इंधन पेटलं की बूस्टरची भिंत दाबाने फुगते आणि जोडातली फट क्षणभरात रुंदावते. दबून बसलेल्या रिंगेने तेवढ्याच क्षणात फुलून ती फट भरायची असते.

स्टीलच्या स्प्रिंगेत अणूंमधले ताणलेले बंध मागे खेचतात. रबराचं तसं नाही. त्यात लांबलचक रेणूसाखळ्यांचा गुंता असतो आणि त्या उष्णतेने सतत वळवळत असतात. रबर दाबलं की साखळ्यांना वळवळायचे पर्याय कमी होतात. सोडलं की ती वळवळच त्यांना पुन्हा जास्त पर्याय असलेल्या गुंत्याकडे नेते. म्हणजे रबराचा परतीचा जोर उष्णतेच्या हालचालीतूनच येतो. गारठ्यात साखळ्यांचे तुकडे एकमेकांना अडकून हलतात, परतायला वेळ लावतात. रिंग लगेच ठिसूळ होत नाही, आधी आळशी होते. आपल्या निफाडकडे पारा पाचाच्या खाली गेला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. त्या पहाटे फवारणीची नळी सोडून बघा. प्लॅस्टिकची असली तरी दुखणं तेच. वेटोळं सुटतच नाही, ऊन चढल्यावर मुकाट्याने सरळ होते.

चौकशी आयोगाने दिलेला आकडा असा: दबलेली रिंग २४ अंश सेल्सिअसला उणे १ अंशापेक्षा पाचपट चपळाईने मूळ आकारात येते. चॅलेंजर उडालं तेव्हा हवा होती सुमारे २ अंश, जोड त्याहून गार. प्रज्वलनानंतर पाऊण सेकंदाच्या आतच उजव्या बूस्टरच्या खालच्या जोडातून करडा धूर निघाला, ७३व्या सेकंदाला सगळं संपलं. आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नंतर टीव्ही कॅमेऱ्यांसमोर असल्याच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढला, तरी रबर काही सेकंद दबलेलंच.

हे आधी माहीत नव्हतं असंही नाही. एक वर्षापूर्वी, २४ जानेवारी १९८५ला, डिस्कव्हरी हे तसलंच यान कडक गारठ्याच्या दिवसांनंतर उडालं होतं आणि २७ जानेवारीला, म्हणजे याच आठवड्यात, सुखरूप उतरलं. समुद्रातून आणलेले त्याचे बूस्टर उघडले तेव्हा पहिल्या रिंगेच्या मागे काजळी सापडली, म्हणजे तापलेला वायू तिच्यापलीकडे निसटला होता. त्या जोडाचं तापमान होतं सुमारे १२ अंश. चॅलेंजरच्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर हाच आकडा धरून ‘याच्या खाली उडवू नका’ म्हणत होते. फोनवरची ती बैठक काही तास चालली, मग कंपनीच्या वरिष्ठांनी इंजिनिअरांचा सल्ला बाजूला ठेवून होकार कळवला.