मालकीरचना आणि अमूर्त साधनं

कंपनीचे शेअर कोणाकडे आहेत, किती हातांत विखुरलेत आणि मत द्यायचा हक्क नेमका कोण वापरतो, या सगळ्याला मिळून मालकीरचना म्हणतात. अमूर्त साधनं म्हणजे ब्रँड, पेटंट, कामातली माहितगारी, गिऱ्हाइकाशी जमलेलं नातं, बाजारातलं नाव, म्हणजे हात लावून दाखवता येत नाही पण गेलं की लगेच जाणवतं असं सगळं. मालकी बदलली की ही साधनं वाढतात का आटतात, आणि त्याचा नफ्यावर न् शेअरच्या भावावर काय परिणाम होतो, हा प्रश्न अर्थशास्त्र, फायनान्स आणि मॅनेजमेंट या तीन शाखांत वेगवेगळ्या वाटांनी आला, त्यामुळे शब्द तेच असले तरी प्रत्येकाचा अर्थ तोच असेल असं धरून चालू नये.

उगम

मालकीच्या बाजूची वंशावळ बऱ्यापैकी ठरलेली आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच म्हणून ठेवलं होतं की जॉइंट स्टॉक कंपनीचे संचालक दुसऱ्यांचा पैसा सांभाळतात, तेव्हा ते स्वतःच्या पैशासारखं लक्ष घालतील अशी अपेक्षा ठेवू नका. मग १९३२ मध्ये बर्ली आणि मीन्स या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत मालक एकीकडे आणि कारभार दुसरीकडे गेलाय हे मांडलं, आणि १९७६ मध्ये जेन्सन-मेकलिंग यांनी या फटीमुळे होणाऱ्या नुकसानाला एजन्सी खर्च असं नाव देऊन त्याचा हिशोब बसवला. यात एक दुरुस्ती मात्र हवी, ला पोर्टा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये २७ श्रीमंत देशांतल्या मोठ्या कंपन्या तपासल्या तेव्हा विखुरलेली मालकी फारशी आढळलीच नाही, बहुतेक ठिकाणी शेवटी कुठलंतरी कुटुंब नाहीतर सरकारच निघालं. म्हणजे बर्ली-मीन्सचं चित्र जगाचं नव्हतं, मुख्यतः अमेरिकेचं होतं.

खरा वाद अमूर्त साधनांच्या बाजूला आहे. मॅनेजमेंटवाले साधारण एडिथ पेनरोज (१९५९) पासून सुरुवात करतात, मग वर्नरफेल्ट (१९८४), मग बार्नी (१९९१). पेनरोजचा मुद्दा असा की साधन वेगळं आणि त्याच्यापासून मिळणारी सेवा वेगळी, तीच माणसं आणि तीच यंत्रं वेगळ्या व्यवस्थापनाखाली वेगळं काम देतात. बार्नीने पुढे चार कसोट्या दिल्या: साधन मौल्यवान हवं, दुर्मिळ हवं, नक्कल करायला अवघड हवं आणि त्याला पर्याय नसावा. पण अर्थतज्ज्ञ थॉर्स्टाइन वेब्लेनने १९०८ मध्येच अमूर्त मालमत्तेवर सविस्तर लिहिलं होतं आणि त्याचा सूर एकदम वेगळा आहे. त्याच्या मते काम कसं करायचं हे ज्ञान मुळात सगळ्या समाजाचं असतं, गुडविल (म्हणजे धंद्याचं कमावलेलं नाव), मक्तेदारीचा हक्क किंवा धंद्यातलं गुपित यांना मालमत्ता म्हणायचं ते एवढ्यासाठीच की त्यातून मालकाला कमाई होते, समाजाला त्यातून जास्तीचं काही मिळतंच असं नाही.

पहिला मान कोणाचा हे ज्याच्या त्याच्या शाखेवर अवलंबून आहे. पण या नोंदीच्या विषयापुरतं बघितलं तर वेब्लेन जवळचा वाटतो, कारण त्याच्या व्याख्येतच मालक बसलेला आहे, आणि बार्नीच्या चारही कसोट्या लावून झाल्या तरी ते साधन कोणाचं हा प्रश्न येतच नाही.

मोजायचं कसं

इथे थोडं थांबावं लागतं, कारण बाकीचे बरेच वाद खरं तर इथूनच निघतात. आंतरराष्ट्रीय हिशोब मानक आयएएस ३८ प्रमाणे संशोधनावरचा खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करावा लागतो (विकासाच्या टप्प्यातला खर्च अटी पूर्ण झाल्या तर मालमत्ता म्हणून दाखवता येतो), आणि कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड बॅलन्सशीटवर घेताच येत नाही. तोच ब्रँड दुसऱ्या कंपनीने विकत घेतला की तिच्या पुस्तकात मात्र रीतसर आकडा लागतो. म्हणजे ज्या घरात जन्मला तिथे शून्य आणि दत्तक गेला तिथे किंमत. त्यामुळे नुसता मालक बदलला तरी कागदावरची अमूर्त मालमत्ता वाढलेली दिसते, प्रत्यक्षात काहीच वाढलेलं नसताना.

हे टाळायला अभ्यासक टोबिनचा क्यू वापरतात, म्हणजे कंपनीची बाजारातली किंमत भागिले तिची मालमत्ता परत उभी करायला लागणारा खर्च. समजा बाजारभाव ३०० आणि या खर्चाऐवजी धरलेली पुस्तकातली मालमत्ता १००, तर क्यू ३ आला. आता कोणी म्हणतं हा ३ म्हणजे उत्तम कामगिरी, आणि कोणी म्हणतं वरचे २०० म्हणजे न दिसणारी अमूर्त साधनं. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यातून काढायच्या आणि वर अमूर्त साधनांमुळे कामगिरी सुधारते असा निष्कर्ष काढायचा, म्हणजे आरशात बघून जुळा भाऊ सापडला म्हणण्यासारखं आहे. पीटर्स आणि टेलर यांनी २०१७ मध्ये छेदातच अमूर्त भांडवल मिळवायची पद्धत मांडली, त्यात मागच्या वर्षांचा संशोधनखर्च घसारा वजा करून धरतात आणि विक्री व प्रशासनखर्चाचा ३० टक्के भाग संघटनेत केलेली गुंतवणूक मानतात. वरच्या उदाहरणात असं अमूर्त भांडवल १५० निघालं तर छेद २५० होतो आणि क्यू १.२ वर येतो. हा ३० टक्क्यांचा आकडा ढोबळ आहे हे खरंच, पण जुन्या क्यूवर बेतलेले निष्कर्ष निदान जपून वाचावेत.

काय आढळलं

मॉर्क, श्लायफर आणि विश्नी यांनी १९८८ मध्ये ३७१ मोठ्या अमेरिकन कंपन्या घेतल्या, तर संचालकांची मालकी ५ टक्क्यांपर्यंत जाईतो क्यू वाढला, ५ ते २५ मध्ये उतरला आणि त्यापुढे पुन्हा थोडा चढला. मॅककॉनेल-सर्व्हेस (१९९०) यांना आतल्या लोकांची मालकी ४०-५० टक्क्यांपर्यंत चढ आणि मग उतार दिसला. या दोघांच्याही आधी डेमसेट्झ आणि लेन यांनी १९८५ मध्ये ५११ कंपन्यांवरून सांगितलं होतं की मालकी किती एकवटलीय आणि हिशोबी नफा किती, यात ठोस नातं नाही, कारण मालकी काही आकाशातून पडत नाही, धंद्याच्या गरजेप्रमाणे मालक आपला वाटा ठरवतात. हा आक्षेप अजून पुरता खोडला गेलेला नाही आणि वक्ररेषा काढणाऱ्यांपेक्षा त्याच्यात जास्त दम वाटतो.

त्यातून वाट काढायचा एक हुशार प्रयत्न डेन्मार्कच्या कंपन्यांवर झाला. बेनेडसेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जाणाऱ्या प्रमुखाचं पहिलं अपत्य मुलगा की मुलगी एवढंच बघितलं, कारण ते कंपनीच्या तब्येतीवर अवलंबून नसतं पण मुलगा असला की खुर्ची घरातच राहण्याची शक्यता वाढते. घरातला वारस आला तिथे मालमत्तेवरचा परतावा किमान ४ टक्के अंकांनी घसरला. व्हिलालोंगा-अमित (२००६) यांचंही अमेरिकेबद्दल साधारण तेच, संस्थापक स्वतः प्रमुख असेल किंवा बाहेरचा प्रमुख नेमून स्वतः अध्यक्ष राहिला असेल तर कौटुंबिक मालकीने मूल्य वाढतं, पुढची पिढी प्रमुख झाली की घटतं. नाव आणि ओळखी वारशाने मिळतात, कामातली नजर मिळतेच असं नाही.

शेअर बाजारात उतरण्याबद्दल बर्नस्टाइनने २०१५ मध्ये दाखवलं की नोंदणी झाल्यावर कंपनीत लागलेल्या शोधांचा दर्जा उतरतो आणि चांगले संशोधक बाहेर पडतात, कंपन्या मग बाहेरून शोध विकत घेतात. उलट आगियाँ, व्हॅन रीनेन आणि झिंगालेस (२०१३) यांना फंडांसारख्या संस्थांची मालकी जास्त तिथे नवनिर्मितीही जास्त आढळली. बुशीने १९९८ मध्येच फरक सांगितला होता, की सारखे शेअर फिरवणाऱ्या संस्थांचं प्रमाण फार असेल तर मॅनेजर नफा सावरायला संशोधनावरचा खर्च कापतात.

मालकाला काय धरून ठेवता येतं याची हद्द जाहिरातसंस्था साची अँड साचीच्या प्रकरणात दिसली. १९९४ च्या शेवटी शेअरहोल्डर फंडांच्या दबावाखाली मॉरिस साचीला काढलं, १९९५ मध्ये त्याने वरिष्ठ सहकारी घेऊन नवी संस्था काढली आणि ब्रिटिश एअरवेजसारखं मोठं गिऱ्हाईक तिकडे गेलं. शेअर, इमारत, करार सगळं मालकांकडेच होतं, फक्त ज्याच्यासाठी गिऱ्हाईक येत होतं तेच दारातून चालत गेलं. राजन आणि झिंगालेस हेच उदाहरण देऊन म्हणतात की माणसांवर मालकी चालत नाही.

सरकारी मालकीच्या कंपन्यांवर लिखाण पुष्कळ आहे पण ते बहुतेक खासगीकरणानंतरच्या नफ्याचं, अमूर्त साधनांपर्यंत ते क्वचितच पोचतं. फाउंडेशनच्या, म्हणजे न्यासासारख्या संस्थेच्या मालकीचा प्रकार जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये रुळलेला आहे. बॉश या जर्मन कंपनीत भांडवलाचा सुमारे ९४ टक्के वाटा फाउंडेशनकडे आहे पण मतांचे बहुतेक हक्क वेगळ्या ट्रस्टकडे आहेत, म्हणजे लाभांश एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा.