आयटीचा कारभार हे केवळ संगणक विभागाचे काम आहे का?

‘संगणक विभाग नेमला आणि चांगले सॉफ्टवेअर घेतले की संस्थेच्या आयटीचा कारभार चोख होतो’, हा समज नागपुरातील पतसंस्थांपासून बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत ऐकायला मिळतो. तो स्वाभाविकही आहे, कारण सर्व्हर आणि पासवर्ड त्याच विभागाच्या हाती दिसतात. परंतु यंत्रणा चालवणे वेगळे आणि ती कशासाठी, किती खर्चात, कोणती जोखीम पत्करून चालवायची हे ठरवणे वेगळे. हे दुसरे काम म्हणजे आयटी प्रशासन, आणि ते संचालक मंडळाचे आहे. या विषयावरील ३८५०० क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात मूल्यमापन, दिशादर्शन आणि देखरेख ही संचालकांची कामे सांगितली आहेत.

आपले संचालक मंडळ हे काम करते का, याच्या पडताळणीसाठी तज्ज्ञ लागत नाही. सभेचे इतिवृत्त उघडावे. ‘नवीन सर्व्हर खरेदीस मंजुरी’ एवढाच ठराव असेल, तर ती नुसती खरेदी झाली. बॅकअपमधून डेटा परत मिळवण्याची चाचणी कधी झाली, यंत्रणा किती तास बंद राहिलेली चालेल, नोकरी सोडून गेलेल्यांचे लॉगिन बंद केल्याचा अहवाल कोणाकडे येतो, याची नोंद तिथे शोधावी. काम बाहेरच्या कंपनीला ठेक्याने दिले असले, तरी ही नोंद संस्थेच्याच दप्तरी असावी लागते.