पोलंडची शहरे : वाढ, पडझड आणि पुन्हा वाढ यांची पार्श्वभूमी

२०२१ च्या जनगणनेत पोलंडची लोकसंख्या ३ कोटी ८० लाखांच्या आसपास भरली आणि त्यातले साधारण ६० टक्के लोक शहरांत राहतात असे दिसले. १९९० च्या दशकात हेच प्रमाण ६२ टक्क्यांच्या जवळ गेले होते. मधल्या काळात देशाची अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी मोठी झाली, वॉर्सा आणि क्राकूफमध्ये घर घेणे सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेले, तरीही शहरी लोकसंख्येचा टक्का वाढण्याऐवजी किंचित घसरला. हा आकडा समजून घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते. पोलंडमध्ये कोणती वस्ती शहर मानायची हे तिथल्या माणसांच्या संख्येवर ठरत नाही, शासनाने दिलेल्या नगराच्या दर्जावर ठरते, आणि या दर्जाची कहाणी मध्ययुगात सुरू होते. शिवाय या देशातल्या शहरांची वाढ सलग झालेली नाही. ती अनेकदा तुटली, आणि काही ठिकाणी ती पुन्हा सुरू झाली तेव्हा घरे जुनी आणि राहणारी माणसे सर्वस्वी नवी अशी स्थिती होती.

तेराव्या शतकात पोलंडच्या राजांनी आणि सरदारांनी जर्मन नगर मागडेबुर्गच्या कायद्याच्या धर्तीवर वस्त्यांना सनदा द्यायला सुरुवात केली. पोझ्नानला १२५३ मध्ये आणि क्राकूफला १२५७ मध्ये अशी सनद मिळाली. सनद मिळालेल्या वस्तीला बाजार भरवण्याचा, स्वतःचा कारभार चालवण्याचा आणि न्यायनिवाडा करण्याचा हक्क मिळे. क्राकूफच्या जुन्या भागातला भव्य चौक आणि त्यातून काटकोनात निघणारे रस्ते त्याच आखणीतले आहेत. अशी शेकडो नगरे उभी राहिली, पण पुढे ती फारशी वाढली नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोलंडचे धान्य व्हिस्तुला नदीतून ग्दान्स्क बंदरात आणि तिथून पश्चिम युरोपात जात होते. या व्यापाराचा नफा मुख्यतः जमीनदार उमरावांच्या पदरात पडत होता आणि शेतकरी कायद्याने जमिनीला बांधलेला असल्यामुळे शहराकडे जाऊ शकत नव्हता. ज्या देशात खेड्यातला माणूस गाव सोडून जाऊ शकत नाही, त्या देशातली शहरे खुंटलेलीच राहतात. त्यात १६५५ मध्ये सुरू झालेल्या स्वीडिश आक्रमणाने अनेक नगरे बेचिराख केली.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन टप्प्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत हा देश नकाशावर नव्हता. नेमक्या याच काळात युरोपात कारखानदारीची लाट आली. त्यामुळे पोलिश शहरांची आधुनिक वाढ तीन वेगळ्या साम्राज्यांच्या गरजांनुसार झाली. रेल्वेचे जाळे, जकातीच्या सीमा, भांडवल हे सारे त्या त्या राजधानीकडे पाहून आखलेले होते. ऑस्ट्रियाच्या ताब्यातला गालिसिया गरीब राहिला, तर रशियन भागात एका शहराने युरोपला चकित केले.

ते शहर वूच. १८२० मध्ये तिथे आठशे माणसेही नव्हती. त्याच वर्षी रशियाच्या छत्राखालच्या पोलंडच्या सरकारने तिथे कापड उद्योगाची वसाहत वसवायचे ठरवले आणि जर्मन, बोहेमियन विणकरांना जमीन, लाकूड आणि करमाफी देऊन बोलावले. १८५० च्या सुमारास पोलंड आणि रशिया यांच्यामधली जकातीची सीमा उठली आणि वूचच्या सुती कापडाला थेट रशियाची अफाट बाजारपेठ खुली झाली. १८६० च्या दशकात पोलंडमधले शेतकरी जमिनीच्या बंधनातून मोकळे झाले, त्याच दशकात रेल्वे आली आणि मजुरांचे लोंढे सुरू झाले. १८९७ च्या रशियन जनगणनेत वूचची लोकसंख्या ३ लाख १४ हजार होती आणि पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ती पाच लाखांपाशी पोचली होती. इतक्या माणसांना सामावणाऱ्या या शहराला त्या वेळी पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची धड व्यवस्था नव्हती. गिरणीमालकांच्या हवेल्या, त्यांना लागून लाल विटांच्या गिरण्या आणि पलीकडे मजुरांच्या दाट चाळी, अशी त्याची रचना होती. पोलिश, जर्मन आणि ज्यू समाज तिथे शेजारी राहत होते. मुंबईच्या गिरणगावाची माहिती असलेल्या मराठी वाचकाला या चित्रातले बरेच काही ओळखीचे वाटेल.

वूच वाढत असतानाच रशियन सत्तेने दुसऱ्या बाजूने एक निर्णय घेतला, ज्याचे पडसाद आजच्या आकडेवारीतही आहेत. रशियन राजवटीविरुद्ध पोलिश लोकांनी केलेल्या १८६३ च्या उठावानंतर शिक्षा म्हणून, आणि काही अंशी प्रशासनाच्या सोयीसाठी, १८६९ आणि १८७० या वर्षांत आपल्या ताब्यातल्या पोलंडमधल्या साडेचारशेच्या आसपास नगरांपैकी तीनशेहून अधिक नगरांचा दर्जा काढून घेण्यात आला. लोक तिथेच राहिले, चौक आणि बाजारही तिथेच राहिले, फक्त कागदावर ती खेडी झाली. त्यांतली अनेक ठिकाणे अलीकडे पुन्हा नगरे झाली आहेत. ओपातोव्येत्स या जेमतेम साडेतीनशे वस्तीच्या गावाला २०१९ मध्ये हा दर्जा परत मिळाला आणि ते देशातले सर्वांत छोटे शहर ठरले. दक्षिणेतले कोझी हे गाव बारा हजारांहून जास्त लोकांचे असूनही कायद्याने खेडेच आहे. भारतात जनगणना खाते लोकसंख्या, घनता आणि बिगरशेती कामाचे प्रमाण पाहून ग्रामपंचायतीच्या गावालाही जनगणनेपुरते शहर धरते. पोलंडच्या अधिकृत वर्गीकरणात मात्र निवाडा सनदेवर होतो.

१९१८ मध्ये देश पुन्हा उभा राहिला तेव्हा १९२१ च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ७० लाख लोकसंख्येपैकी फक्त चौथा हिस्सा शहरी होता. दोन महायुद्धांमधल्या काळात हे प्रमाण फारसे हलले नाही. जागतिक मंदीने कारखाने थंडावले आणि खेड्यातल्या जादा हातांना शहरात काम नव्हते. याला मोठा अपवाद ग्दिनियाचा. ग्दान्स्क बंदर राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालच्या स्वतंत्र नगराच्या ताब्यात असल्यामुळे पोलंडने बाल्टिक किनाऱ्यावरच्या हजार-दीड हजार वस्तीच्या या कोळीवाड्याला बंदर बनवायचे ठरवले. १९२६ मध्ये ग्दिनियाला नगराचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा दीर्घ संप झाला आणि पोलिश कोळशाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. १९३९ पर्यंत ग्दिनियाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास गेली.

त्यानंतर जे घडले ते लिहिताना टक्केवारीची भाषा अपुरी पडते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मारले गेले आणि त्यांपैकी जवळजवळ ३० लाख ज्यू होते. युद्धापूर्वी देशाच्या लोकसंख्येत ज्यू समाज दहा टक्क्यांच्या आसपास होता, पण तो बहुतांशी नगरांत राहणारा होता. वॉर्सात त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात, वूचमध्ये एक तृतीयांश, आणि पूर्वेकडच्या अनेक छोट्या नगरांत निम्म्याहून जास्त होते. वूचमध्ये १९४० साली नाझींनी सुमारे १ लाख ६० हजार ज्यूंना एका कोंडलेल्या वस्तीत डांबले. युद्ध संपेपर्यंत त्यांतले फार थोडे जिवंत उरले. शिंपी, सोनार, किराणा व्यापारी, मुद्रक, डॉक्टर अशी पोलंडच्या नगरजीवनाची एक अख्खी फळी चार-पाच वर्षांत नाहीशी केली गेली. अनेक छोटी नगरे त्यानंतर कधीच पूर्वीसारखी झाली नाहीत.

वॉर्साचे नशीब वेगळ्या प्रकारे भीषण होते. १९३९ मध्ये सुमारे १३ लाख लोकांचे हे शहर ऑगस्ट १९४४ मध्ये सुरू झालेल्या ६३ दिवसांच्या उठावात आणि त्यानंतर जर्मनांनी पद्धतशीरपणे केलेल्या विध्वंसात जवळजवळ संपले. दीड ते दोन लाख नागरिक मेले, उरलेल्यांना शहराबाहेर काढण्यात आले आणि घरे एकेक करून जाळण्यात आली. जानेवारी १९४५ मध्ये सोविएत फौजा पोचल्या तेव्हा नदीच्या डाव्या काठावरचे वॉर्सा जवळपास निर्मनुष्य होते. राजधानी दुसरीकडे हलवावी की काय यावर तेव्हा गंभीरपणे विचार झाला. अखेर जुन्या शहराची पुनर्बांधणी झाली आणि त्यासाठी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी काढलेली मोजमापांची रेखाटनेही उपयोगी पडली.

देशाच्या सीमाही सरकल्या. पूर्वेकडचे ल्वूफ (आजच्या युक्रेनमधले ल्वीव्ह) आणि विल्नो (आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्निउस) सोविएत संघात गेले. पश्चिमेकडचे व्रोत्सवाफ, श्चेचिन आणि ग्दान्स्क पोलंडला मिळाले. युद्धाआधी ब्रेस्लाऊ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्रोत्सवाफमध्ये सहा लाखांहून अधिक लोक, बहुतेक सगळे जर्मन, राहत होते. १९४६ मध्ये तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक उरले होते आणि जर्मनांची हकालपट्टी चालू होती. त्यांच्या घरांत पूर्वेकडून आलेली कुटुंबे, मध्य पोलंडमधले शेतकरी आणि वॉर्साचे बेघर लोक राहू लागले. ल्वूफमधली नामांकित ओस्सोलिनेउम ही ग्रंथसंस्थाही इथे आली. युद्धपूर्व लोकसंख्या गाठायला या शहराला १९८० चे दशक उजाडावे लागले. आलेखावर ही रेघ खाली जाऊन पुन्हा वर आलेली दिसते, पण तिच्या दोन टोकांना दोन वेगळे समाज आहेत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

या उलथापालथीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पूर्व पोलंडमधून सोविएत सत्तेने सायबेरियाकडे हद्दपार केलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार जण, मुख्यतः बायका आणि मुले, इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहिले. युद्ध संपले तेव्हा यांतल्या बहुतेकांची गावे पोलंडमध्ये उरलीच नव्हती, म्हणून अनेकांनी ब्रिटन आणि इतर देशांची वाट धरली.

१९४६ मध्ये पोलंडची लोकसंख्या २ कोटी ४० लाखांखाली होती आणि तिचा साधारण तिसरा हिस्सा शहरी होता. पुढची चार दशके हे देशाच्या इतिहासातले सर्वांत वेगवान शहरीकरणाचे पर्व ठरले. साम्यवादी सरकारने अवजड उद्योगांना अग्रक्रम दिला. क्राकूफच्या शेजारी १९४९ मध्ये नोवा हुता या पोलाद कामगारांच्या नगराची पायाभरणी झाली. दक्षिणेकडच्या सायलेशिया या खाणप्रदेशातले यास्त्शेंबिए हे पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आरोग्यस्थान कोळशाच्या नव्या खाणींमुळे काही दशकांतच लाखभर वस्तीचे झाले. १९६६ च्या सुमारास देशातले निम्मे लोक शहरी झाले आणि १९८८ पर्यंत हे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेले. शहरी लोकसंख्या साधारण ७५ लाखांवरून २ कोटी ३० लाखांच्या आसपास, म्हणजे तिपटीने वाढली.

तरीही ही वाढ कारखान्यांच्या वाढीपेक्षा मागेच राहिली. सरकार पैसा यंत्रांवर ओतत होते आणि घरांवर हात आखडत होते. १९५४ पासून वॉर्सात कायम वास्तव्याची नोंद करण्यावर निर्बंध आले आणि ते सुमारे तीन दशके राहिले. शेती मोठ्या प्रमाणावर खासगीच राहिली असल्यामुळे खेड्यातल्या माणसापुढे एक मधला मार्ग होता. पहाटेच्या गाडीने कारखान्यात जायचे, पाळी संपली की परतून आपल्या चार-पाच हेक्टरांवर राबायचे. अशा शेतकरी-कामगारांची संख्या लाखांत होती. शहरात जागा मिळाली तरी ती पूर्वनिर्मित काँक्रीटच्या पॅनेलांच्या इमारतींमधली असे आणि गृहनिर्माण संस्थेच्या यादीत नंबर लागायला दहा-पंधरा वर्षे जात. मूल जन्मले की त्याच्या नावाने घरासाठीचे बचतपुस्तक काढण्याची रीत त्यामुळेच पडली होती.

१९८९ नंतर चित्र पालटले. सोविएत बाजारपेठ कोसळली आणि वूचच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९८८ मध्ये साडेआठ लाखांवर असलेली या शहराची लोकसंख्या २०२१ मध्ये ६ लाख ७० हजारांच्या आसपास आली. इझ्राएल पोझ्नान्स्की यांच्या प्रचंड गिरणीच्या आवारात २००६ पासून बाजारपेठ आणि करमणूक केंद्र आहे. कातोवित्सेने याच काळात पाऊण लाखांहून अधिक लोक गमावले आणि खाणी बंद झालेल्या वाउब्झिखमध्ये बेकारीने कहर केला. १९९९ मध्ये प्रांतांची संख्या ४९ वरून १६ वर आणली गेली आणि तीसेक मध्यम शहरांचा प्रांतिक राजधानीचा मान गेला, त्याबरोबर कचेऱ्या आणि नोकऱ्याही गेल्या. २००४ मध्ये युरोपीय संघाची दारे उघडल्यावर लाखो तरुण ब्रिटन, आयर्लंड, जर्मनीकडे गेले.

याच्या उलट विद्यापीठे आणि संगणक-सेवा उद्योग असलेली शहरे सावरली. वॉर्सा साडेअठरा लाखांपुढे आणि क्राकूफ आठ लाखांवर गेले. दुसऱ्या क्रमांकाचे शहर हा वूचचा जुना मान क्राकूफने घेतला आणि व्रोत्सवाफही वूचच्या पुढे सरकले. पण यशस्वी शहरांतूनही माणसे बाहेर पडत होती. पोझ्नान शहर घटले आणि त्याच्या भोवतालचा जिल्हा फुगला. अंगणासह घर हवे असलेली कुटुंबे वेशीबाहेरच्या गावांत गेली, रोज शहरातच कामाला येत राहिली, आणि कागदोपत्री ग्रामीण झाली. शहरी टक्का घसरण्याचे एक मोठे कारण हेच आहे. काही महापालिकांनी हद्दवाढीचा उपाय केला. झ्येलोना गूरा २०१५ मध्ये शेजारच्या ग्रामीण प्रशासनाशी एकत्र आले आणि रातोरात जवळजवळ वीस हजारांनी मोठे झाले. झेशूफने २००६ पासून आसपासची गावे सामावत आपले क्षेत्रफळ दुपटीहून अधिक केले.

आता मूळ प्रश्न जन्मदराचा आहे. १९८३ मध्ये पोलंडमध्ये सात लाखांहून अधिक मुले जन्मली होती. २०२३ मध्ये ती संख्या पावणेतीन लाखांच्या आत आली. मृत्यू जन्मांपेक्षा जास्त असल्यामुळे बाहेरून माणसे आल्याशिवाय बहुतेक शहरे वाढूच शकत नाहीत. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर तिथून आलेल्या आणि पोलंडमध्ये तात्पुरते संरक्षण घेतलेल्या सुमारे दहा लाख लोकांतले बरेचसे वॉर्सा, व्रोत्सवाफ, क्राकूफ यांसारख्या मोठ्या शहरांत राहिले. व्रोत्सवाफच्या शाळांत आज युक्रेनी मुले शिकत आहेत. त्यांतल्या काहींची कुटुंबे ल्वीव्हहून, म्हणजे १९४५ नंतर या शहराला नवे रहिवासी देणाऱ्या त्याच ल्वूफमधून आली आहेत.