ड्रायर तापत नाही: थर्मोस्टॅट गेला की थर्मल फ्यूज?

कपडे वाळवायच्या, हवा पाइपातून बाहेर सोडणाऱ्या विजेवरच्या ड्रायरचा मागचा पत्रा काढला, की बऱ्याच मॉडेलमध्ये ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) डब्यावर दोन छोटे भाग जवळजवळ बसवलेले दिसतात: थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज. ड्रायर तापेनासा झाला की यांतला हाताला लागेल तो बदलला जातो, आणि पुष्कळदा चुकीचा.

थर्मोस्टॅट गोल, नाण्याएवढा. आत दोन धातूंची चकती असते. ठरलेल्या तापमानाला ती ‘टक’ करून उलटते आणि हीटर बंद होतो. गार झाली की परत चालू. कपडे वाळेपर्यंत हे कितीतरी वेळा होतं. ब्लोअरवरचा थर्मोस्टॅट बहुधा ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास तोडतो. मॉडेलनुसार आकडा बदलतो. हीटरच्या पेटीवर आणखी एक असतो, तो बराच जास्त तापमानाचा. नव्या मॉडेलमध्ये रोजचं काम थर्मिस्टर नावाच्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे असतं, पण तो वेगळा विषय.

थर्मल फ्यूज बहुधा पांढरा आणि लांबट. ९० अंशांच्या आसपास तो एकदाच उडतो. गार झाला तरी जुळत नाही, बदलावाच लागतो. तो उडाल्यावर काही मॉडेलमध्ये मोटरच फिरत नाही, काहींत ड्रम फिरतो पण हवा गारच.

तपासताना प्लग काढा आणि भागाची निदान एक वायर सोडवा, नाहीतर दुसऱ्या वाटेनं मीटर फसवतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. फ्यूज शून्याच्या जवळ दाखवेल तर चांगला, काहीच दाखवणार नाही तर उडालेला. थर्मोस्टॅटही गार असताना शून्यच दाखवतो. गोची इथेच आहे: आतले संपर्क चिकटून बसलेला, कधीच न तुटणारा थर्मोस्टॅटही या चाचणीत पास होतो! मग फ्यूज बदलला जातो, आठवड्याभरात पुन्हा उडतो आणि बोल लागतो नव्या फ्यूजला.

म्हणून थर्मोस्टॅटची खरी परीक्षा गरम असताना. फ्यूज उडालेला असेल तर नवा घाला, सोडवलेल्या वायरी जोडा, पत्रा परत बसवा, मागचा पाइप काढा, ड्रम रिकामा ठेवून जास्त उष्णतेवर चालवा आणि पाइपाच्या तोंडाशी थर्मामीटर धरा. तापमान वर जाऊन खाली येत राहिलं तर ठीक. नुसतं चढतच गेलं तर लगेच बंद करा. दोषी बहुधा थर्मोस्टॅट आहे.

तो ठीक निघाला तर हवा कुठे अडतेय ते शोधा, कारण फ्यूज बहुतेक वेळा त्यानेच जातो. पाइप काढल्यावर कपडे पटकन वाळत असतील तर पाइप तुंबलाय किंवा भिंतीला दबून चेपलाय. लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची) जाळी दिसायला स्वच्छ असली तरी नळाखाली धरून बघा. पाणी वर साचलं तर कपडे मऊ करायला ड्रायरमध्ये टाकतात त्या सॉफ्टनरच्या कागदांचा थर बसलाय. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं घासा आणि पूर्ण वाळवूनच बसवा.

फ्यूज मिळत नाही म्हणून दोन वायरी एकमेकींना जोडून ‘डायरेक्ट’ करायचं काम मात्र एका दिवसापुरतंही नको. थर्मोस्टॅट चिकटलेला आणि पाइपात लिंट भरलेलं असेल, तर शेवटची आडकाठीच तुम्ही काढून टाकलेली असते आणि ते लिंट पेटायला वेळ लागत नाही. नवा फ्यूज घेताना जुन्यावर छापलेलं तापमान आणि मॉडेल नंबर जुळवून घ्या. जास्त अंशांचा ‘टिकाऊ’ फ्यूज म्हणजे तेच डायरेक्ट, थोडं सभ्य वेषात.