लिनक्स फुकट, पण अपडेट किती वर्षं? कोल्हापुरातून पाहिलेली पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ज्यांवर चढत नाही अशी आठ-दहा वर्षांची मशीन कोल्हापुरात ढिगानं आहेत: क्लासेसमध्ये, पतसंस्थांच्या काउंटरवर, उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या ऑफिसात. ती भंगारात घालायची कुणाची तयारी नाही, म्हणून राजारामपुरीतल्या दुकानांत लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणाऱ्या प्रणालीची, चौकशी पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. "फुकट हाय न्हवं?" हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर "हो" असंच आहे आणि तीस वर्षं ते बदललेलं नाही. भांडणं झाली ती दुसऱ्याच गोष्टीवरून. घेतलेल्या प्रतीला अपडेट किती वर्षं मिळणार, ती मुदत ठरवणार कोण आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार? पुढं दोन शब्द येतील: कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि वितरण म्हणजे त्याभोवती बाकीचं सॉफ्टवेअर बांधून दिलेली, मशीनवर बसवता येणारी प्रत.

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्यानं कर्नल लिहिला, १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणं सुरू झाली. ही दोन्ही आजही चालू आहेत. त्या काळाबद्दल इथं जास्त सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यातलं फारसं काही कोल्हापुरापर्यंत पोचलंच नाही. इथं लिनक्स आला तो मासिकाच्या अंकाबरोबरच्या सीडीतून. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्टबरोबर अशा सीडी येत, २००३ पासून लिनक्स फॉर यू नावाचं मासिक त्यालाच वाहिलेलं निघालं. अंक हवा असेल तर पेपर स्टॉलवाल्याला आधी सांगून ठेवावं लागे. दुसरी वाट नव्हती. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायची म्हटली, तर लाइन एकदाही न तुटता २५ तासांच्या वर वेळ लागला असता. तेवढा वेळ घरचा फोन अडकवून ठेवायची परवानगी कुणाला मिळणार?

खरी वर्दळ सुरू झाली २००५ च्या सुमारास. बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि त्याच्या काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतलं डाउनलोड मोजत नसत. वेग २५६ केबीपीएस. या वेगानं ७०० एमबीची आयएसओ फाइल (सीडीची आख्खी प्रत) उतरायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे फुकटची वेळ संपली तरी फाइलचं शेपूट उरायचंच. मग तुटलेलं डाउनलोड पुढं चालू ठेवणारं काहीतरी लागायचं, आणि फाइल पूर्ण झाल्यावर एमडी५ची बेरीज, म्हणजे फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा, जुळते का ते पाहणं आलं. ही बेरीज पाहायची सवय त्या पिढीला लागली ती खराब लाइनमुळे, सुरक्षिततेच्या विचारानं नव्हे. सुरक्षिततेचा धडा नंतर मिळाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या वितरणाच्या वेबसाइटवर घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंक चोरून आत शिरायला मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवली गेली.

ज्यांच्याकडे ब्रॉडबँड नव्हतं त्यांच्यासाठी उबुंटू या वितरणाची टपालानं येणारी सीडी होती. वेबसाइटवर पत्ता भरायचा, काही आठवड्यांनी परदेशी पाकीट दारात. पैसे शून्य, टपालखर्चसुद्धा नाही. एप्रिल २०११ मध्ये ही सोय बंद झाली. तोवर हॉस्टेलच्या खोल्यांत या पाकिटांचे गठ्ठे झाले होते, आणि त्यातल्या बऱ्याच सीडी कधी ड्राइव्हमध्ये गेल्याच नाहीत, हेही खरं.

सीडी मिळाली तरी काम अर्धंच व्हायचं. बहुतेक पीसींतले स्वस्त मोडेम विंडोजच्या भरवशावर चालणारे. लिनक्समध्ये ते गप्प बसायचे. एमपी३ वाजत नसे, कारण पेटंटच्या भानगडीमुळे त्यासाठी लागणारं कोडेक सीडीवर देत नसत. मोडेमचं म्हणाल तर नेट चालवायला ड्रायव्हर (ते यंत्र ओळखणारं सॉफ्टवेअर) हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट. यावरचा तोडगा हातानं केलेला असे. कॉलेजच्या लॅबमध्ये पॅकेज (बसवायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर) उतरवायचं, अ‍ॅप्ट या पॅकेजं आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॅश फोल्डरमधल्या (उतरवलेलं जिथं साठतं तिथल्या) सगळ्या डेब फाइल पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि घरच्या मशीनवर तशाच ओतायच्या. सपोर्ट म्हणजे हे सगळं आधी करून बसलेला, दोन वर्षांनी मोठा कुणीतरी. त्याला चहा पाजला की झालं. आजही कोल्हापुरात सपोर्टची व्यवस्था यापेक्षा फार वेगळी नाही. चहाच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप आलं इतकंच.

अ‍ॅप्ट डेबियनच्या स्थिर आवृत्तीत १९९९ मध्ये आलं. त्याचं मोल कळायला आरपीएम फाइली, म्हणजे रेड हॅटकडची पॅकेजं, एकेक करून बसवलेल्या असाव्या लागतात. एक फाइल दुसरी मागते, दुसरी तिसरी, आणि तिसरी सीडीवर नसते. पुढं आरपीएमच्या बाजूला तेच काम करणारं यम आलं आणि हा त्रास दोन्हीकडे मिटला. भारतातल्या भारतात मिरर, म्हणजे त्याच पॅकेजांची प्रत ठेवणारे सर्व्हर, झाले, त्यांत कानपूरच्या आयआयटीचाही. जागा जवळची झाली, वेग वाढला. अपडेट मिळवणं सोपं झालं आणि मगच ते किती दिवस मिळणार हा प्रश्न लोकांना सुचू लागला.

उबुंटूनं त्याला जून २००६ च्या ६.०६ या आवृत्तीत उत्तर दिलं. डेस्कटॉपला तीन वर्षं, सर्व्हरला पाच. २०१२ च्या १२.०४ पासून दोन्हींना पाच. इथल्या लॅबवाल्यांनी ही पाच वर्षं मशीनवरच्या सगळ्या सॉफ्टवेअरची म्हणून धरली, आणि तसं नव्हतं. वचन होतं मुख्य भांडारातल्या पॅकेजांचं, म्हणजे सुमारे २,३०० चं. त्याच्या दहापट पॅकेजं ज्या युनिव्हर्स भांडारात आहेत, त्यांची डागडुजी स्वयंसेवकांना जमेल तशी होत असे. घरोघरी चालणारं व्हीएलसी हे व्हिडिओ पाहायचं सॉफ्टवेअरही त्याच भांडारातलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये उबुंटू प्रो जाहीर झालं आणि युनिव्हर्सलाही दहा वर्षांची हमी आली, पण नोंदणी करून. घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) "आणखी सुरक्षा अपडेट प्रोमधून मिळतील" अशी ओळ दिसू लागली तेव्हा लोक भडकले, आधी फुकट मिळणारं आता विकायला काढलं म्हणून. वस्तुस्थिती उलट होती. आधी ती हमी फुकटात कुणालाच नव्हती. तरीही टर्मिनलवर जाहिरात नको, हा राग मला पटतो.

यापेक्षा मोठा खटका उडाला तो सर्व्हरच्या बाजूला, आणि त्याचं मूळ २००३ मध्ये आहे. त्या वर्षी मार्चअखेर रेड हॅट या कंपनीचा रेड हॅट लिनक्स ९ आला. मासिकांच्या सीडींमुळे तो सगळीकडे पसरला. वर्षाखेरीस कंपनीनं ही फुकट उतरवता येणारी मालिकाच बंद करायचं ठरवलं, आणि ३० एप्रिल २००४ ला ९ चे अपडेट संपले. जेमतेम तेरा महिने. पुढं दोन वाटा. पैसे भरून एंटरप्राइझ आवृत्ती घ्या, नाहीतर दर तेराएक महिन्यांनी बदलणारी फेडोरा घ्या. इथल्या कॉलेजांच्या लॅबनी तिसरी वाट धरली: काहीच केलं नाही. रेड हॅट ९ पुढं कित्येक वर्षं तसाच चालला.

काहींनी चौथी वाट शोधली. एंटरप्राइझ आवृत्तीचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, परवान्यानुसार उघडा होता. तो घ्यायचा, कंपनीचं नाव आणि चिन्हं काढायची, पुन्हा बांधायचा. २००४ मध्ये सेंटओएस उभं राहिलं ते असं. आवृत्ती ५ ला २००७ ते २०१७, ७ ला २०१४ ते २०२४. दहा वर्षं फुकट अपडेट. फोन उचलणारा कुणी नाही, पण सुरक्षेची ठिगळं वेळच्या वेळी. कोल्हापूरच्या छोट्या धंद्यांना हे नेमकं जमलं. मेल सर्व्हर, प्रॉक्सी, केबल-इंटरनेटवाल्यांची बिलिंगची मशीन, वेबसाइटची होस्टिंग, सगळं त्यावर. रेड हॅटच्या एंटरप्राइझची वर्षाकाठी एका सर्व्हरची सगळ्यात स्वस्त वर्गणी साडेतीनशे डॉलरच्या घरात होती, म्हणजे २०२० च्या भावानं पंचवीस हजार रुपये. तेवढ्यात इथं एक वापरलेला सर्व्हर येतो.

जानेवारी २०१४ मध्ये रेड हॅटनं सेंटओएस प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला. तेव्हा आनंदच झाला, कारण त्याआधी आवृत्ती ६ यायला फार उशीर झाला होता आणि मोजक्या माणसांवर सगळा भार होता. २०१९ च्या जुलैत एका जुन्या, मोठ्या अमेरिकी कंपनीनं रेड हॅट ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. सप्टेंबरात सेंटओएस ८ आला, मुदत २०२९ पर्यंत. ज्यांना काम नीट करायची सवय, त्यांनी लगेच ७ सोडून ८ बसवला. मग ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं: सेंटओएस ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल, पुढं फक्त सेंटओएस स्ट्रीम. सात वर्षांहून जास्त मुदत एका निवेदनात कापली गेली. ७ ची मुदत मात्र होती तशीच, ३० जून २०२४. म्हणजे जो आळसानं जुन्या आवृत्तीवर बसून राहिला त्याला अडीच वर्षं जास्त मिळाली, आणि तत्परतेनं पुढं गेला तो उघड्यावर.

रेड हॅटची बाजू होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. लाखो मशीनवर सेंटओएस चालतं, पण त्यातून कामात परत काहीच येत नाही. स्ट्रीम ही एंटरप्राइझच्या पुढच्या किरकोळ आवृत्तीची आधीची पायरी, तिथं बाहेरच्यांना दुरुस्त्या देता येतील. जानेवारी २०२१ मध्ये नोंदणी केलेल्या डेव्हलपरला सोळा मशीनपर्यंत एंटरप्राइझ फुकट वापरायची सवलतही आली. पण आक्षेप तंत्रावर नव्हताच. तारीख छापून दिली होती, त्या भरवशावर लोकांनी मशीन बदलली होती. खरेदीच्या फायलीत "२०२९ पर्यंत" असं लिहून सही घेतलेल्या माणसानं वर्षभरात परत त्याच टेबलासमोर उभं राहायचं, हे त्या निवेदनात कुठं धरलेलंच नव्हतं. आणि जी स्ट्रीम ८ पर्याय म्हणून पुढं केली, तिचे अपडेट ३१ मे २०२४ ला थांबले, म्हणजे म्हाताऱ्या ७ च्याही एक महिना आधी!

पर्याय लवकर उभे राहिले. अल्मालिनक्स मार्च २०२१ मध्ये, रॉकी त्याच जूनमध्ये; रॉकीच्या मागे सेंटओएसच्या सुरुवातीच्या मंडळींपैकीच एक जण होता. दोन्हींनी जागच्या जागी स्थलांतर करणाऱ्या स्क्रिप्ट दिल्या, त्या बहुतेक मशीनवर सरळ चालल्या. ८ च्या मालिकेला दोघांकडेही २०२९ पर्यंत अपडेट आहेत. जून २०२३ मध्ये रेड हॅटनं एंटरप्राइझचा सोर्स सार्वजनिक ठेवणं थांबवून तो ग्राहकांपुरता केला. लिनक्सचा जीपीएल परवाना ज्याला प्रोग्रॅम दिला त्यालाच सोर्स द्यायची सक्ती करतो, सगळ्या जगाला नाही. त्यामुळे कायद्याच्या अक्षरात ते बसतं. अल्मानं त्यानंतर हुबेहूब नक्कल करायचा हट्ट सोडला आणि सुसंगत राहण्यावर भागवलं. रॉकीनं नक्कल चालू ठेवली.

स्थलांतर ज्यांनी केलंच नाही त्यांची संख्या कमी नाही. ३० जून २०२४ नंतर सेंटओएस ७ ची मिररची यादी देणारा पत्ता बंद झाला, आणि यम चालवलं की होस्ट सापडत नाही एवढाच निरोप येऊ लागला. सगळ्यांनी आधी नेटची वायर तपासली, मग डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था). यावरचा उपाय एकमेकांना पाठवलेल्या मेसेजमधून पसरला: रेपोच्या फाइलीत, म्हणजे यमनं पॅकेजं कुठून आणायची ते जिथं लिहिलेलं असतं तिथं, व्हॉल्ट या जुन्या साठ्याचा पत्ता घाला. तो घातला की यम पुन्हा चालतं, पॅकेजही बसतात. मात्र त्या साठ्यात नवीन काही येत नाही. अपडेटची आज्ञा दिली की "अपडेट करण्यासारखं काहीही नाही" असं उत्तर मिळतं, आणि मशीनचा मालक ते वाचून निर्धास्त होतो.