नक्कल नेमकी कुठे झाली?

एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. बातम्यांचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी साठवून ठेवणे हाच कॉपीराइटचा भंग ठरतो का, हा त्यातला पहिला प्रश्न; आणि तो दिसतो तितका सरळ नाही.

भाषेचे मॉडेल घडवताना मजकुराचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात आणि पुढचा तुकडा कोणता असेल, याचा अंदाज यंत्राला बांधायला लावतात. ‘मुंबईत आज मुसळधार’ यापुढे ‘पाऊस’ न येता भलतेच काही आले, की मॉडेलमधील असंख्य भारांकांत, म्हणजे त्याचा अंदाज ठरवणाऱ्या आकड्यांत, किंचित फेरफार केला जातो. प्रशिक्षण संपते तेव्हा मूळ बातमी त्या आकड्यांत कुठेही वाचता येत नाही. मात्र एखादा मजकूर वारंवार आलेला असेल, तर मॉडेल तो जवळजवळ जसाच्या तसा म्हणून दाखवू शकते. प्रत आहे म्हणावे, तर बोट ठेवता येत नाही. नाही म्हणावे, तर ती अवचित समोर येते.

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम १४ इलेक्ट्रॉनिक साठवणुकीलाही पुनरुत्पादन मानते, त्यामुळे मजकूर उतरवून घेण्याच्या टप्प्यावर एएनआयची बाजू मला भक्कम वाटते. कलम ५२ मधील रास्त वापराचे, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वापराचे, अपवाद मोजके आहेत, आणि व्यापारी कंपनीचे प्रशिक्षण त्यातल्या ‘संशोधना’त बसवायचे तर बरीच ओढाताण करावी लागते. जपानने २०१८ मध्येच अशा वापराला कायद्यात वाट करून दिली, तर युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात हक्कधारकाला नकार नोंदवण्याची मुभा ठेवली. अर्थात, नकार प्रशिक्षणाआधी नोंदवला तरच उपयोगाचा, कारण एका लेखाचा प्रभाव भारांकांतून नेमका वेगळा काढण्याची खात्रीशीर पद्धत अजून हाती आलेली नाही.

मग उरते भरपाई, आणि तिथेही हाच पेच आहे, कारण उत्तरात कोणाच्या लेखाचा किती वाटा, हे मोजणार कसे? अमेरिकेत २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने लेखकांशी दीडशे कोटी डॉलरची तडजोड केली, तेव्हा हिशेब दर पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर असा मांडता आला. पण त्या खटल्यात न्यायाधीशांनी प्रशिक्षण हा रास्त वापर मानला होता. तडजोड झाली ती चाचेगिरीच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या पुस्तकांबद्दल, ज्यांच्या प्रती निदान मोजता येत होत्या.