पायलटची सीपीएसएस टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या

नाशिकच्या गांधीनगर-उपनगरकडे राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचा आवाज कुकरच्या शिट्टीसारखा, रोजचाच. आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल इथेच आहे, चेतक नाहीतर चीता डोक्यावरून घिरट्या घालत असतात, आणि ओझरकडच्यांना सुखोई. त्यामुळे नाशिकमध्ये पायलट व्हायचंय म्हणणारी पोरं भरपूर. माझा भाचा त्यातलाच, आणि त्याची फॉर्मपासून कागदपत्रांपर्यंतची सगळी धावपळ मामा म्हणून माझ्याच गळ्यात पडली. आता सोसायटीतले लोक मलाच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी मेन गोष्ट. एअर फोर्सच्या फ्लाइंग ब्रँचसाठी एसएसबी (ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डापुढची मुलाखत आणि चाचण्या, पुढे नुसतं बोर्ड म्हणतो) तर आहेच, शिवाय सीपीएसएस (कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टीम) नावाची वेगळी टेस्ट असते, विमान उडवायची क्षमता आहे का ते बघणारी. पूर्वी तिची जुनी आवृत्ती होती, तिला पीएबीटी म्हणायचे. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने कॉम्प्युटरवरची सिस्टीम बनवली आणि पीएबीटी मागे पडली. ही टेस्ट आयुष्यात एकदाच. लेखी परीक्षा पुन्हा देता येते, बोर्डात नापास झालात तर वयात बसेपर्यंत पुन्हा जाता येतं, पण सीपीएसएसमध्ये फेल झालात की फ्लाइंगचा विषय संपला, मग एनडीएतून या नाहीतर एएफकॅट या एअर फोर्सच्या प्रवेश परीक्षेतून. म्हणून "बघू, एक ट्राय मारून येऊ" हा प्रकार इथे नको.

रस्ते असे आहेत. बारावीवाल्यांना एनडीए, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, एअर फोर्ससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पाहिजे. ग्रॅज्युएशनवाल्यांना सीडीएस (यूपीएससीची तिन्ही दलांसाठीची परीक्षा) किंवा एएफकॅट. एनसीसी एअर विंगचं सी सर्टिफिकेट असेल तर स्पेशल एंट्री, लेखी परीक्षाच नाही, थेट बोर्ड. हे खूप पोरांना माहीतच नसतं, आणि सर्टिफिकेट कपाटात पडून असतं.

जास्त गोंधळ एएफकॅटचा होतो म्हणून तेच नीट सांगतो. वर्षातून दोनदा निघते, १०० प्रश्न, ३०० मार्क, दोन तास, बरोबरला ३ आणि चुकीला १ कापतात. फी ५५० रुपये, वर जीएसटी. फ्लाइंगसाठी बारावीला मॅथ्समध्ये ५० टक्के आणि फिजिक्समध्ये ५० टक्के, दोन्हीत वेगवेगळे, ॲव्हरेज काढून नाही. आणि पदवीला ६० टक्के, कुठलीही शाखा चालते. म्हणजे बीकॉमवाला पण बसतो, फक्त बारावीला मॅथ्स-फिजिक्स हवं. वय २० ते २४, पण हे फॉर्म भरायच्या दिवशीचं धरत नाहीत, कोर्स सुरू होतो त्या दिवशीचं धरतात. समजा कोर्स जानेवारी २०२७ चा आहे, तर जन्म २ जानेवारी २००३ ते १ जानेवारी २००७ च्या मधला पाहिजे. भाच्याच्या मित्राने आजचं वय धरून हिशोब केला आणि एक अख्खा चान्स घालवला. कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर २६ पर्यंत सूट आहे. २५ च्या आतला असेल तर लग्न झालेलं नको. फॉर्ममध्ये ब्रँचचा पसंतीक्रम मागतात तिथे फ्लाइंगच्या खाली ग्राउंड ड्युटीच्या (विमान न उडवणाऱ्या) ब्रँच पण टाका, सगळी अंडी एकाच टोपलीत कशाला.

ज्यांना आर्मीचं हेलिकॉप्टर उडवायचंय त्यांच्यासाठी एक, गांधीनगरच्या स्कूलचा फॉर्म शोधत बसू नका. तिथे आधी आर्मीत ऑफिसर झालेले लोक मागाहून पायलटची टेस्ट आणि मेडिकल पास होऊन येतात. कॅप्टन अभिलाषा बराक यांना मे २०२२ मध्ये इथेच विंग्ज (पायलटचा बिल्ला) मिळाले, आर्मीच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर, त्या पण आधी आर्मी एअर डिफेन्समध्येच होत्या.

आता मापं. उंची किमान १६२.५ सेमी हे सगळ्यांना पाठ असतं, बाकीची मापं कोणी बघतच नाही. पायाची लांबी ९९ ते १२० सेमी, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. कॉकपिटमध्ये बसायचं म्हटल्यावर जागेचा हिशोब आलाच. हे घरी होतं. पायाच्या लांबीसाठी पोराला फरशीवर भिंतीला पाठ टेकवून बसवा, पाय सरळ ताणा, भिंतीपासून टाचेपर्यंत टेप धरा. आम्ही हॉलमध्ये हे करत होतो तर आमची आई म्हणते, "लग्नाचा सूट शिवायला टाकताय का रे?" मांडीचं माप भरलं ६१, तेव्हा कुठे जीवात जीव आला. मांडीची आणि पायाची लांबी काही व्यायामाने वाढत किंवा घटत नाहीत, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी मोजा. डोळ्यांचं तसंच. रोज चष्मा लावणाऱ्याला फ्लाइंग नाही, रंगदृष्टी पण बघतात, तर आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन या, मग क्लासची फी भरा. क्लासवाला तुम्हाला हे आधी सांगणार नाही, त्याला फी हवी असते.

कागदपत्रं. दहावीचं सर्टिफिकेट, बारावीची मार्कशीट, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट (फक्त शेवटची नाही), डिग्री किंवा प्रोव्हिजनल, आधार, कॉल लेटर, पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा. सगळं ओरिजिनल, वर अटेस्टेड झेरॉक्स. सीजीपीए असेल तर टक्के कसे काढायचे त्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र, हे दहातले आठ जण विसरतात. शेवटच्या वर्षाला असाल तर फॉर्म भरता येतो, पण बॅकलॉग नको. आणि आपल्या स्टेट बोर्डाची खास भानगड म्हणजे नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं अक्षर. भाच्याच्या आधारवर मधलं नावच गायब होतं. दुरुस्तीला वेळ लागतो म्हणून ते लगेच टाकलं, आणि सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेरच्या नोटरीकडून ॲफिडेव्हिट पण करून ठेवलं. ही कामं कॉल लेटर आल्यावर करायची नाहीत, तेव्हा झोप उडते.

तयारीचं काय. सीपीएसएस टेस्टमध्ये दोन प्रकारची कामं असतात, एक डोक्याचं आणि एक हातापायाचं. डोक्याचं म्हणजे विमानातले डायल वाचणं, आणि हे घरबसल्या पक्कं होतं. अल्टिमीटरला, म्हणजे उंची दाखवणाऱ्या डायलला, तीन काटे असतात, सगळ्यात लहान काटा दहा हजार फुटांचा, मधला हजाराचा, लांब शंभराचा. आधी लहान काटा वाचायचा, मग मधला, मग लांब, घड्याळासारखी सवय लागलेली असते म्हणून पोरं उलटं वाचतात. होकायंत्रावर शेवटचा शून्य लिहिलेला नसतो, ९ म्हणजे ९० अंश, पूर्व, २७ म्हणजे पश्चिम. आर्टिफिशियल होरायझन नावाच्या डायलवर विमानाचं नाक वर की खाली आणि पंख कुठल्या बाजूला झुकलाय हे दोन्ही एका नजरेत दिसलं पाहिजे. मग सगळे डायल जोडायचे, म्हणजे विमान डावीकडे वळत खाली येतंय, वेग इतका, दिशा नैर्ऋत्य, असं एका वाक्यात बोलायचं. भाचा रोज रात्री वीस चित्रं करायचा, मी मोबाईलवर टायमर लावायचो. पहिल्या आठवड्यात एका चित्राला अर्धा मिनिट जायचं.

हातापायाचं म्हणजे स्टिक आणि पायातले पेडल. पीएबीटीच्या काळात स्क्रीनवरचा ठिपका चौकटीत ठेवायचा, हाताने उभा, पायाने आडवा, आणि मध्येच दिवे लागले, बीप वाजली की डाव्या हाताने बंद करायची. एकाच वेळी चार कामं, स्कूटी चालवताना फोन वाजतो ना, तसं. ठिपका बाहेर गेला की पोरं घाबरून स्टिक जोरात ओढतात आणि तो आणखी पळतो. हलक्या हाताने, थोडं थोडं. याचा रट्टा मारता येत नाही, एखादा साधा जॉयस्टिक गेम खेळा हवं तर, पण हजारोंच्या सिम्युलेटर क्लासला माझा तरी विरोध आहे. झोप पूर्ण घ्या, त्याचा जास्त उपयोग.

एसएसबीच्या तयारीसाठी आपल्याकडे नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, राहणं-जेवण-शिकवणं सगळं फुकट. सीडीएसची लेखी पास असाल किंवा एनसीसीचं सी सर्टिफिकेट ए नाहीतर बी ग्रेडमध्ये असून एनसीसीच्या ग्रुप हेडक्वार्टरने एसएसबीसाठी शिफारस केली असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. मुलींना एनडीएसाठी शासकीय सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था पण नाशिकलाच आहे, २०२३ पासून.

एअर फोर्सचं बोर्ड डेहराडून, वाराणसी, म्हैसूर, गांधीनगर (आपलं नव्हे, गुजरातचं) असं कुठेही येऊ शकतं. रिपोर्टिंग सकाळी लवकर असतं, म्हणून एक दिवस आधी पोहोचा, रात्रभर बसमध्ये हिंदकळत जाऊन थेट गेटवर उभे राहू नका. ज्या एंट्रीतून (एनडीए, एएफकॅट वगैरे) बोलावलंय त्या एंट्रीसाठी पहिल्यांदाच जात असाल तर थर्ड एसीपर्यंतचं भाडं परत मिळतं, त्यासाठी तिकिटाची प्रिंट आणि कॅन्सल्ड चेक त्याच फाईलमध्ये टाका, भाच्याने चेक घरी टेबलावर ठेवला होता आणि मला सकाळी सहाला त्याचा फोटो पाठवावा लागला.